विद्यापीठाची वेस
(सीमाभागातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बडोद्याच्या विद्यापीठावर मी बोलणार हे कळल्यावर एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला हटकले. आपल्या घरचा तंटा मिटलेला नसताना शेजारच्या वाड्याचे वर्णन कशाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मुलूख आपल्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात घालण्यात आला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु आपली मुले दरवर्षी बारावी पास होतात आणि कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या दारात उभी राहतात. त्या विद्यापीठाचे आपल्या मुलखाशी नाते काय असावे, हा प्रश्न न्यायालयाच्या तारखेपर्यंत तहकूब ठेवता येत नाही. म्हणून बडोद्याकडे पाहावयाचे. तेथील मराठी मनुष्यही १ मे १९६० नंतर परभाषिक राज्याचा नागरिक झाला. मात्र तेथे तो प्रथमपासूनच अल्पसंख्य होता आणि बडोद्यावर आपला कसलाही दावा नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कोणी भलताच अर्थ लावील.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ ची. दुसऱ्याच दिवशी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थानचा कारभार मुंबई राज्याच्या स्वाधीन झाला. तारखांची ही जोडी निव्वळ योगायोगाची मानण्यास माझे मन घेत नाही. विद्यापीठाची कल्पना जुनीच होती. १८८१ सालचे बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठास जोडलेले होते, आणि स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठी प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली १९२६-२७ मध्ये एक आयोगही बसला होता. तरीही विद्यापीठ अस्तित्वात आले ते सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत, संस्थानच्या अखेरच्या दिवशी. राज्य जाणार हे निश्चित झाल्यावर मागे काय ठेवून जावे, याचा तो निर्णय होता. पुढे बडोदे मुंबई राज्यात गेले, १९५६ साली द्विभाषिकात गेले, १९६० साली गुजरातेत गेले. अकरा वर्षांत तीन वेळा घरमालक बदलला. विद्यापीठ जागचे हलले नाही.

ते का हलले नाही, याचे उत्तर त्याच्या पायात शोधावे लागते. हल्ली प्रत्येक विद्यापीठ आपल्या बाह्यसंबंधांचा व परिसरावरील परिणामाचा आराखडा तयार करते. त्यात करारांच्या याद्या असतात, परदेशी पाहुण्यांची छायाचित्रे असतात. बडोद्याने हे काम विद्यापीठ निघण्यापूर्वी पन्नास-साठ वर्षे आरंभिले होते, आणि ते उलट्या टोकाकडून आरंभिले होते. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, १९०६ साली तो सर्व संस्थानभर लागू झाला. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. तेथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला हे विषय लोकांच्या भाषेत शिकविले जात. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९०७ साली अलेंबिक हा रसायनांचा कारखाना निघाला. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन हे त्याचे संस्थापक. पुढे खत कारखाना आला, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली आला, पेट्रोरसायनांचा उद्योग १९६९ साली आला. एका शाळेमुळे हे सारे झाले, असे मी म्हणणार नाही. तेल आणि वायू भूमातेने दिले. परंतु हातात हत्यार घेऊ शकणारी माणसे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होती. तेच कलाभवन आज विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वाचनालयांची हकीकत, आणि आपण वाचनालयाच्याच छपराखाली बसलो असल्यामुळे ती थोडी सविस्तर सांगतो. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झाले. मांडवीजवळच्या त्याच्या इमारतीत मी गेलो होतो. पोलादी घोडे आणि मधल्या मजल्यांना काचेच्या लाद्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा. माझ्यासारख्याला त्यावर पाय टाकताना प्रथम धीर होत नाही! परंतु खरे कौतुक त्या इमारतीचे नाही. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये जात, आणि गावाला कायमचे वाचनालय हवे असेल तर नियम असा होता की गावकऱ्यांनी ठराविक रक्कम जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी, तितकीच सरकारने द्यावी. लोकांच्या एका रुपयाचे तीन होत. पण पहिला रुपया गावाच्या खिशातून निघावा लागे. राजाच्या दानाने वाचनालय झाले असते तर राजाबरोबर संपले असते. ज्या गावाने वर्गणी दिली, त्या गावाला त्या कपाटावर हक्क सांगता येऊ लागला. आपल्या मुलखातील जुनी वाचनालयेही अशाच वर्गणीवर उभी आहेत, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

आता भाषेची गोष्ट. सयाजीराव कवळाण्याच्या मराठी घरात जन्मले, राजघराणे मराठी, दरबारी मंडळींत मराठी पुष्कळ. प्रजा बहुसंख्य गुजराती. राजाने प्रजेचे शिक्षण आणि कारभार प्रजेच्या भाषेत चालविला आणि स्वतःच्या भाषेलाही उपाशी ठेवले नाही. दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजावर श्रीसयाजी साहित्यमाला चालविली, तीत गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांतील ग्रंथ निघाले. १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध झाला. मराठी साहित्य संमेलने बडोद्यास १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरली, आणि कित्येक दशकांच्या खंडानंतर २०१८ सालीही भरली. सत्ता ज्याच्या हाती, त्याने दुसऱ्याच्या भाषेला कसे वागवावे, याचे हे उदाहरण आपल्या राज्यकर्त्यांच्या नजरेस आणून देण्यास हरकत नसावी. बहुसंख्यांच्या भाषेत कागद देणे राजाला कमीपणाचे वाटले नाही. आपल्याकडे साध्या सातबाऱ्याचा आणि बसवरच्या पाटीचा मराठी अक्षरांत आग्रह धरला तर तो राज्यद्रोह ठरतो.

तथापि बडोद्याचे नुसते गोडवे गाण्यासाठी मी उभा राहिलो नाही. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास परतले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत ज्या झाडाखाली ते बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. संस्थानने न्यूयॉर्कच्या विद्यापीठाशी संबंध जोडला होता, पण बडोद्याच्या आळीत या विद्वानाला एक खोली मिळवून देता आली नाही. बाह्यसंबंधांचा कोणताही आराखडा वाचताना मला ही घटना आठवते. आपणही ती विसरू नये. आपल्या गावातील मराठी वाचनालयाची पायरी कोणत्या वस्तीतील मुलगा आजही संकोचाने चढतो, याचा झाडा आपणच घेतला पाहिजे.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असता 'सर्व पुरुष' या शब्दांच्या जागी 'सर्व मानव' हे शब्द यावेत यासाठी भांडलेल्या त्या विदुषी. त्यांच्या कारकिर्दीत १९५० साली ललितकलांची विद्याशाखा निघाली. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे आले, बंगालचे शंखो चौधरी आले, केरळचे के. जी. सुब्रमण्यन आले. बाहेरून आलेल्यांपैकी कित्येक तेथेच राहिले आणि बडोदे हे चित्रकारांचे गाव झाले. शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली खेळणी गावकऱ्यांना विकण्याची जत्रा याच विद्याशाखेने भरविली. पुरातत्त्व विभागाने साबरकांठ्यातील देवनी मोरी येथे खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत १९७५ साली पुरी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे महाभारत १९६६ साली पुरे झाले होते. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी ठेवल्यामुळे देशातील कोणत्याही प्रांताचा विद्यार्थी तेथे येऊ शकला. माध्यमाचा हा निर्णय मला पुरता पटत नाही, कारण कलाभवनाने लोकभाषेत यंत्रविद्या शिकविली होती. परंतु त्याने विद्यापीठाची वेस रुंद राहिली हे नाकारता येत नाही. मराठीचा विभागही तेथे आहे.

एक गोष्ट मात्र अलीकडे घडली आहे. १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने या विद्यापीठाला सिनेट दिली होती आणि तीत नोंदणीकृत पदवीधर निवडून जात. २०२३ साली गुजरात सरकारने सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा केला, त्यात सिनेट आणि सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आले. कारभार सुटसुटीत होईल, निवडणुकीतील हाणामाऱ्या थांबतील, असे त्याचे समर्थन करण्यात आले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या विद्यापीठाच्या पाठीशी वर्गणी देणाऱ्या गावाच्या हक्काची परंपरा आहे, त्याच्या सभागृहातील निवडून आलेल्या नागरिकाची खुर्चीच उचलली गेली. यापुढे परिसराशी संबंध म्हणजे परिसरासाठी विद्यापीठाने काढलेली पत्रके, एवढेच उरेल काय, अशी मला भीती वाटते. गावाला विद्यापीठात वाटा हवा आणि जाब विचारण्याची जागा हवी. ती नसेल तर आराखडा कितीही देखणा असो, तो एकतर्फी आहे.

आता आपल्याकडे वळू. आपली मुले प्रामुख्याने तीन विद्यापीठांकडे पाहतात: धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, २०१० साली बेळगावात झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ, आणि १९६२ साली स्थापन झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. पहिली दोन ज्या राज्याची, त्या राज्याला आपण कर भरतो. तिसरे ज्या राज्याचे, त्या राज्यावर आपण प्रेम करतो. कर देणाऱ्याला हक्क असतो आणि प्रेम करणाऱ्यालाही विचारपूस करता येते. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्या गावांचा उल्लेख कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या आराखड्यात कोणत्या सदरात असतो, हे आपण कधी विचारले आहे काय? धारवाड-बेळगावच्या आराखड्यात 'परिसर' या शब्दात मराठी वस्ती धरली जाते की नाही, हे तरी कोणी विचारले? मोर्चे आपण पुष्कळ काढले आणि ते काढणे आवश्यकच होते. अर्ज मात्र फारच थोडे केले.

म्हणून एक काम सुचवितो. या वाचनालयाने तिन्ही विद्यापीठांच्या कुलसचिवांना एकाच मजकुराचे पत्र पाठवावे. मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांसाठी आपण काय करता. सीमाभागातील वाचनालयांतील जुने ग्रंथ व वृत्तपत्रांच्या फायली जतन करण्यास आपला इतिहास विभाग येईल काय. आणि आपल्या आराखड्यावर मत देण्यास आमच्या प्रतिनिधीला केव्हा बोलावता? फायली जतन करण्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा आपण वर्गणीने उभा करू, असेही त्यात लिहावे. म्हणजे कोणाला आपल्याला याचक म्हणता येणार नाही. पत्राचा मसुदा मी करून आणला आहे, तो चिटणिसांच्या टेबलावर ठेवतो. कानडी प्रतीसाठी आपल्यातील एका कानडी भाषिक शिक्षकमित्रांनी मदत कबूल केली आहे. मसुद्यात दुरुस्त्या असतील त्या येत्या रविवारपर्यंत चिटणिसांकडे द्याव्यात आणि सही करताना गावाचे नाव न विसरता घालावे.