एका वर्षासाठी गेलेला डॉक्टर

(चारकोप येथील विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'परदेशात राहून केलेली सेवा'. आम्ही परदेश पाहिलेला नाही. गिरणी चालू होती तोवर पहाटेची कांदिवलीची लोकल पकडून परळला पहिली पाळी गाठायची, एवढाच आमचा प्रवास. तरी विषय आम्हालाच दिला, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती समितीला ठाऊक आहे. ती सांगतोच. पण आधी एका डॉक्टरबद्दल बोलू.

द्वारकानाथ कोटणीस. जन्म 1910, सोलापूर. सोलापूर म्हणजे आपल्यासारख्याच गिरणीवाल्यांचं गाव. डॉक्टरकी शिकले ती परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या केईएममध्ये. त्याच रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षं डबा घेऊन गेलो, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. 1946 साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. तोही आम्ही टीव्हीवर पाहिला तेव्हा लढाईच लक्षात राहिली, माणूस नाही.

1937 मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष. पाच डॉक्टर निवडले गेले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यातले चोळकर नागपूरचे. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली. बोली साधारण वर्षभराची होती.

आता बघा, त्याच साली 7 नोव्हेंबरला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि डाव्यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा मोठा संप केला. सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध. म्हणजे इथे कामगार रस्त्यावर उतरलेला आणि केईएममध्ये शिकलेला डॉक्टर बोटीने चीनला चाललेला. आपल्यातला कुणी तेव्हा नक्की म्हणाला असेल, "घरात आग लागलीय आणि हा शेजाऱ्याकडे पाणी घेऊन निघाला." आम्ही असतो तर आम्हीच म्हणालो असतो.

त्या एका वर्षात कोटणिसांनी काय केलं? अर्धं वर्ष तर पोचण्यातच गेलं. कॅन्टन, हांकाव, चुंगकिंग करत करत येनानला पोचायला 1939 चा फेब्रुवारी उजाडला. वाटेत चुंगकिंगला वडील गेल्याची खबर आली. सोबत्यांनी सांगितलं, परत जा. ते गेले नाहीत. मग सुरू झाली भाषा. जखमी माणूस "इथे दुखतंय" म्हणाला, तर ते डॉक्टरला कळायला नको का? चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, पुढे चिनी पोरांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. तिथल्या लोकांनी त्यांना नावही तिथलंच दिलं, को दिहुआ. हुआ म्हणजे चीन. तेव्हा पहिलं वर्ष सेवा करण्यात गेलं म्हणण्यापेक्षा सेवेच्या लायक होण्यात गेलं, असं आम्हाला वाटतं.

बाकीचे एकेक करून परतले. कोटणीस आणि बसू मागे राहिले. 1940 च्या एका लढाईत कोटणिसांनी तीन दिवस, तीन रात्री न झोपता ऑपरेशनं केली. आम्ही डबल पाळी करायचो तर सोळा तासांनी साच्यावर उभ्या उभ्या डोळे मिटायचे; इथे तर हातात चाकू. कॅनडाचे डॉक्टर बेथून तिथेच ऑपरेशन करताना बोट कापून विष भिनल्याने 1939 ला गेले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस 1941 मध्ये प्रमुख झाले. तिथल्याच को छिंगलान या बाईंशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन. आणि 9 डिसेंबर 1942 ला आकडीच्या आजाराने गेले. वय बत्तीस. मुलगा तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

आता आमची चूक. आपल्याच गल्लीतली एक मुलगी नर्सिंग शिकली. तीन वर्षांपूर्वी तिला परदेशातल्या एका गरीब भागातल्या दवाखान्यात वर्षभर विनामोबदला काम करायची संधी आली होती. ती आणि तिची आई याच सभागृहात आमच्याकडे सल्ला मागायला आल्या. आम्ही चारचौघांत मोठ्या आवाजात म्हणालो, "समाजाच्या पैशावर शिकायचं आणि सेवा परक्यांची? आधी चारकोप बघ." पोरगी काही बोलली नाही. गेलीही नाही. पण त्या दिवसापासून तिने विहारात यायचं सोडलं. आणि चारकोपची सेवा म्हणाल, तर तीही आम्ही तिच्याकडून काही करून घेतली नाही. नुसतं अडवलं.

खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरीच अडचण होती. आई एकटी, तिला साखरेचा आजार, दर महिन्याला दवाखाना. कोटणिसांची गोष्ट सांगताना आपण सोलापूरला मागे राहिलेल्या घराचं नाव काढत नाही, तसंच आम्ही त्या दिवशी या घराचं काढलं नाही. समाज म्हणून विचारायचं होतं, "तू गेलीस तर आईकडे कोण बघेल?" आणि उत्तरही आपणच द्यायचं होतं.

गेल्या महिन्यात तिला पुन्हा बोलावणं आलं आहे. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला तिने, हो-नाही काही म्हणाली नाही. आज ती मागच्या रांगेत बसली आहे, तेवढं पुरे.

महिला मंडळाच्या दोन भगिनींनी महिन्याच्या दवाखान्याची वारी वाटून घेतली आहे. रात्री-अपरात्री गरज पडली तर आम्ही दोन घरं सोडून राहतो. अजून एक माणूस लागेल, रेशन आणि गॅसच्या कामाला. कार्यक्रम संपल्यावर ज्याला जमेल त्याने दारापाशी वहीत नाव लिहावं.

जयभीम.