सातवा महिना की बारावा?

इअरफोन लावलेत ना? मग आधी एक प्रश्न. झाडावरून नुकतंच उतरवलेलं फळ कानाशी धरून हलवलं आणि आवाजच आला नाही, तर काय समजायचं?

ते शहाळं आहे. पाण्याने इतकं गच्च भरलेलं, की आत हलायला जागा नसते. खळखळ वाजतो तो पिकलेला नारळ, कारण त्यातलं पाणी कमी झालेलं असतं.

यावरून आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी चक्क भांडण झालं. एक व्यापारी आला, म्हणाला, नऊच्या नऊ माडांची शहाळी द्या, दर महिन्याला येतो, रोख देतो. मी लगेच हिशोब मांडला. पोय उमलल्यापासून सहा-सात महिन्यांत शहाळं तयार, नारळ पिकायला 12 महिने. उगाच थांबायचं कशाला?

आई म्हणाली, "आनी आमटीत काय घालूचा? पानी?"

तिचं बरोबर होतं. सातव्या महिन्यात पाणी छान गोड असतं, पण खोबरं म्हणजे चमच्याने निघणारी पातळ मलई. ती खवणीवर टिकत नाही, आणि वाटून पिळली तर सोलकढी पाणचट होते. पुढे पाण्यातली साखर उतरत जाते, खोबरं जाड होतं, त्यात तेल भरतं. रोपासाठीही पूर्ण पिकलेलाच नारळ लागतो. मधल्या अवस्थेतला तो अडसर. तो नुसता चावून खायला मला सगळ्यात आवडतो, पण त्याला बाजारात कोण विचारतो!

माझ्या हिशोबात आणखी एक गोष्ट राहिली होती. पिकलेला नारळ वरून धपकन टाकला तरी चालतो. शहाळं फुटतं, त्यामुळे अख्खी पेंड दोराने हळूहळू खाली सोडावी लागते. म्हणजे वर एक माणूस, खाली एक, आणि मजुरी दोघांची.

तरी पैशांची गरज होतीच. बरं, माडाला साधारण दर महिन्याला नवी पोय येते, त्यामुळे एकाच झाडावर फुलं, शहाळी, नारळ सगळं असतं. पण दर महिन्याला शहाळीच उतरवली, तर त्या माडावर नारळ पिकणार कधी?

शेवटी आई म्हणाली, "चार माड दी तेका. विहिरीकडच्या माडाक हात लावू नको."

का, विचारलं.

"तेचा खोबरा गोड आसा."

शनिवारी व्यापारी दोर घेऊन येतोय.