स्वभावाला औषध नाही?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



इटलीतल्या ट्रिएस्ट शहरातल्या अपील न्यायालयानं २००९ साली एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली. मूळ शिक्षा होती नऊ वर्षं दोन महिने. तज्ज्ञांनी आरोपीची जनुकं तपासली होती. 'एमएओए' नावाच्या जनुकाचा मंद काम करणारा प्रकार त्याच्यात सापडला. असा माणूस डिवचला गेला की जास्त भडकतो, असं तज्ज्ञ म्हणाले आणि न्यायालयानं ते सवलतीचं एक कारण मानलं.

ट्रिएस्ट लांब आहे, पण हा युक्तिवाद आपल्या घरातला आहे. सुनेच्या अंगावर वळ दिसले की कुणीतरी वडीलधारं सांगतं, "त्याचा स्वभावच तापट आहे, बाळ. त्याचे वडीलही असेच होते. तू जरा सांभाळून घे." स्वभावाला औषध नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून आपण विषय संपवतो. तो संपू नये, म्हणून मी आज इथे उभा आहे.

आधी विज्ञान काय म्हणतं ते पाहू. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातल्या मुलग्यांवर २००२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हे मंद जनुक होतं आणि ज्यांचे लहानपणी अतोनात हाल झाले होते, त्यांच्यात पुढे हिंसक वागणं जास्त दिसलं. पण जनुक तेच आणि बालपण धड गेलेलं, अशी मुलं इतरांसारखीच निघाली. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत हा प्रकार असतो. त्यातले बहुतेक सगळे कुणाचा खून न करता आयुष्य जगतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. हिंसेशी घट्ट जुळणारी जन्मजात खूण हवी असेल, तर ती शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. ती म्हणजे पुरुष असणं. भारतातल्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे स्त्रिया चारच्या आसपास असतात. म्हणून 'माझा अशील पुरुष आहे, त्याला सोडा' असं कुणी वकील म्हणत नाही. कल वाढवणारी गोष्ट आणि हात धरून कृत्य करून घेणारी गोष्ट यांत अंतर आहे, हे इथे आपल्याला आपोआप कळतं. जनुकाचं नाव अवघड असलं की तेच अंतर आपण विसरतो.

आता त्या तापट नवऱ्याकडे परत येऊ. तो साहेबावर हात उचलत नाही. साहेबानं चारचौघांत अपमान केला तरी मान खाली घालून ऐकतो. घरी आल्यावर बायकोला मारण्याआधी दार लावतो, खिडकी ओढून घेतो, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो. मंडळी, ज्याचा स्वतःवर ताबा सुटला आहे, तो दार लावत नाही. त्याचा राग जन्मजात असेल, तेही मी मानायला तयार आहे. पण कुणापुढे आवरायचा आणि कुणावर काढायचा, ही निवड त्यानं केलेली आहे.

कायद्याला हा भेद ठाऊक आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२, मनोविकृतीमुळे आपण काय करतोय किंवा ते गैर आहे हेच ज्याला समजू शकत नाही, त्याला गुन्ह्यातून मुक्त ठेवतं. ते योग्यच आहे. सुटकेचा हा दरवाजा अरुंद आहे आणि तो तसाच राहावा.

जन्मतः किंवा आजारपणानं आलेली गोष्ट जबाबदारी वाढवूही शकते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९५५ साली एका माणसाला गाडी चालवताना फेपऱ्याचा झटका आला आणि चार शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. झटका काही त्यानं ओढवून घेतला नव्हता. तरीही पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ अपील न्यायालयानं म्हटलं की त्याच्यावर आरोप ठेवता येतो, कारण आपल्याला असे झटके येतात हे माहीत असूनही तो एकटा गाडी घेऊन निघाला होता. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. स्वतःचा कल ओळखणाऱ्यावर, अपघाताच्या क्षणाच्या कितीतरी आधी, गाडीत बसायचं की नाही हे ठरवण्याची जबाबदारी येते. जो 'दारू पोटात गेली की माझं डोकं फिरतं' असं म्हणतो, त्यानं पहिल्या पेल्यापाशीच उत्तर द्यायचं आहे.

माझी खरी काळजी मात्र पुढची आहे. 'तो जन्मतःच तसा आहे' हे वाक्य माफीसाठी वापरलं, तर तेच वाक्य उद्या शिक्षेसाठी वापरलं जाणार. आपल्याकडे ते वापरलं गेलं आहे. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. चोरी हा अमुक जातींचा पिढीजात धंदाच आहे, या समजुतीवर तो उभा होता. पारधी, भामटे, कैकाडी, किती नावं घ्यावीत! गुन्हा काहीच केलेला नाही, तरी पोलिसांकडे हजेरी. गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' नावाची त्यांची सक्तीची वसाहत उभी राहिली आणि तिथे मुलं जन्मली ती गुन्हेगार म्हणूनच. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. पण लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन आलं १९८७ साली, आणि ते वाचलेल्या कुणालाही सांगायला नको की कुंपण निघाल्यावरही संशय निघाला नव्हता. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीय तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या, त्यात विमुक्तांना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही होत्या.

ट्रिएस्टचा आरोपी आणि सोलापूरच्या सेटलमेंटमधलं ते बाळ यांच्याबद्दल एकच सिद्धान्त बोलतो आहे. या माणसात निवडणारा कुणी नाहीच, असं तो म्हणतो. ज्याच्यात निवडणारा नाही त्याची कीव करता येते, त्याला आयुष्यभर कोंडूनही ठेवता येतं. त्याच्याशी बोलता मात्र येत नाही. एखाद्याला 'तू हे करायला नको होतंस' असं म्हणणं म्हणजे त्याला माणूस मानणं. पारध्याच्या पोराला हा मान आपण कधी दिलाच नाही. त्यानं काही करण्याआधीच त्याचा निकाल लावून ठेवला.

मग कलाचं ऐकायचंच नाही का? ऐकायचं. शिक्षा किती आणि कशी द्यायची, हे ठरवताना न्यायाधीशांनी आरोपीचं बालपण, आजार, मेंदूची अवस्था सगळं पाहावं. आणि ड्युनेडिनच्या अभ्यासाचा अर्थ लावायचा तर तो कोर्टापेक्षा शाळेत आणि घरात लावावा. मुलांना मारणं थांबवलं, तर ते जनुक बहुधा कुणाचं काही बिघडवणार नाही.

कल आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदताना पाहायच्या असतील, तर दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या एखाद्या मराठी सभेला जाऊन बसा. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वमान्य आहे. तिथला माणूस उभा राहून सांगतो की हा माझा आजार आहे आणि माझ्या इच्छेच्या जोरावर तो आटोक्यात येत नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी म्हणते, आपण ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं त्या सगळ्यांची यादी करा. नवव्या पायरीला तो ती यादी घेऊन बायकोकडे, भावाकडे, ज्याचे पैसे बुडवले त्या मित्राकडे जातो. आजार आहे म्हणून यादीतलं एकही नाव तो गाळत नाही.