बुरशीतले औषध



भाकरीवर बुरशी आली की आपण ती उकिरड्यावर टाकतो. तेच करावे. पण अशाच एका बुरशीने कितीतरी बाळंतिणींचे प्राण वाचविले आहेत, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत.

1928 साली लंडनच्या एका इस्पितळात डॉ. फ्लेमिंग यांनी काचेच्या बशीत जंतू वाढविले होते. त्यात कोठूनशी बुरशी पडली, आणि तिच्याभोवतीचे जंतू विरून गेले. आपल्या ताटात दुसऱ्याने हात घालू नये म्हणून ती जो रस सोडते, तेच पेनिसिलिन. मात्र हा रस निघे अगदी थेंबभर. भरपूर रस देणारी बुरशी 1943 साली अमेरिकेत पिओरिया गावी सापडली, तीही एका बुरसलेल्या खरबुजावर! शास्त्रज्ञ देशोदेशीची माती तपासीत होते, आणि वस्तू निघाली फळबाजारात.

आपल्याकडे पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व 1955 पासून तेथे पेनिसिलिन होऊ लागले. तेथील डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या सुमारास हॅमायसिन हे नवे औषध शोधले. ते मातीतल्या एका तंतुमय जंतूपासून निघते आणि गंमत म्हणजे बुरशीच्याच रोगांवर चालते. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. मला तर याचे फार कौतुक वाटते.

अशा शोधासाठी चिमूटभर माती पाण्यात कालवून बशीत पसरतात आणि कोणाभोवती जंतू वाढत नाहीत ते पाहतात. पण सापडलेला रस पुष्कळदा जुनाच निघतो, नाहीतर माणसालाही बाधतो. म्हणून कोणी घरची बुरशी औषध समजून खाऊ नये. बुरसलेल्या शेंगदाण्यात तर यकृत बिघडविणारे विष असू शकते.

नवे औषध इतके दुर्मिळ, आणि आपण दोन गोळ्यांनी ताप उतरला की उरलेल्या फडताळात ठेवतो. 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात फ्लेमिंगसाहेबांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असे त्यांनी सभेला विचारले व उत्तरही स्वतःच दिले : तिचा नवरा.