राखीव बाक रिकामा करा



  संमेलनाच्या अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मैदानांची टंचाई, टर्फचं तासाचं भाडं, पंचांचं मानधन, मुलींचे संघ, या विषयांवर आज निबंध वाचले जाणार आहेत, आणि वाचणारे त्यातले जाणकार आहेत. त्यामुळे आढावा त्यांच्यावर सोपवतो. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ती बोलायला मी फार वर्षं थांबलो आहे. लहान मुलांच्या संघातला राखीव बाक.

बारा वर्षांखालच्या कुठल्याही स्पर्धेला जाऊन उभे राहा. सात पोरं मैदानात आणि पाच-सहा बाहेर. बाहेरची पोरं सकाळी सहाला उठून आलेली असतात. बूट बांधलेले, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, शिनगार्ड घातलेले. ती पाण्याच्या बाटल्या आत नेऊन देतात, गोल झाला की टाळ्या वाजवतात. संघ तीन गोलनी पुढे असेल, तर शेवटच्या दोन मिनिटांत एखाद्याला आत पाठवलं जातं. एका गोलनं पुढे असेल तर तेही नाही. महिन्याची फी सगळ्यांची सारखी, आणि रविवार मात्र ठरावीक सात जणांचा.

एका उपांत्य सामन्याला मी पंच होतो. मध्यंतरात एक बाई माझ्याजवळ आल्या. भाजीची गाडी शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या पोराला आत कवा घेणार?" कुणाला खेळवायचं ते पंच ठरवतो, अशी त्यांची समजूत. मी सांगितलं, ते त्यांच्या सरांच्या हातात आहे. त्या सरांकडे गेल्या नाहीत. सामना संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि पोराला घेऊन गेल्या. पुढच्या हंगामात मी मुद्दाम पाहिलं, ते पोरगं कुठल्याच संघाच्या यादीत नव्हतं. मुलं फुटबॉल का सोडतात यावर आपण चर्चासत्रं भरवतो, मोबाइलला आणि क्लासला दोष देतो. त्या बाईंनी त्याचं उत्तर मैदानाच्या कडेला उभं राहून दिलं होतं.

आपला कोल्हापूरचा फुटबॉल तालमीतून आला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, या सगळ्यांच्या नावातच तालीम आहे. आपली केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, 1940 सालची. शाहू स्टेडियमवर पेठेला पेठ भिडते, तेव्हा जी इर्षा पेटते ती मी तरुणपणी अंगावर घेतली आहे आणि तिच्याबद्दल मला आजही प्रेम आहे. पण ती मिसरूड फुटलेल्या गड्यांची इर्षा आहे. ती आपण दहा वर्षांच्या पोरांच्या गळ्यात बांधली. रोख बक्षिसं आली, चषक पोरापेक्षा उंच झाले, चौकात डिजिटल बोर्ड लागले. आणि इर्षा घेताना तालमीतली एक फार चांगली रीत आपण मागे सोडली. तालमीत कुणी बाकावर बसत नाही. आलेलं प्रत्येक पोर हौद्यात उतरतं, आणि वस्ताद ज्याला त्याला त्याच्या ताकदीचा जोड लावून देतो. किडमिडीत पोराला तर आधी जोड शोधतो, कारण त्याला उभं करायचं असतं. हे आपल्या आजोबांना कुणी परदेशी प्रशिक्षकानं शिकवलं नव्हतं.

आपण दहाव्या वर्षी निवडतो ते कुणाला? अंगानं मोठा असेल त्याला. वयोगट 1 जानेवारीवर ठरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात उभं राहतं. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, धावण्यात, धक्का सोसण्यात केवढा फरक! निवडलेल्या बालसंघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त भरतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. आपल्याकडे त्यात आणखी भर आहे. शाळेच्या दाखल्यावर 1 जून जन्मतारीख असलेली एक अख्खी पिढी या सभागृहात बसली आहे. तारखेचं काय होतं, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. वरच्या पातळीवर आता मनगटाचा एक्स-रे काढून वय ताडून पाहतात. चषकापायी पोराचं वय चोरण्यापर्यंत मोठी माणसं गेली, म्हणून हा एक्स-रे आला. दहा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेला चषकच नसता, तर त्या वयात वय चोरायला कारण काय उरलं असतं?

माझे काही सहकारी म्हणतात, सगळ्यांना खेळवलं तर पोरं मऊ होतील. हा वाद मी कागदावर घालत नाही, मैदानावर पाहिलेलं सांगतो. आपल्याला खेळायला मिळणार नाही हे ज्याला माहीत असतं, ते पोरगं बाकावर बसून बुटाच्या टोकानं मातीत रेघोट्या ओढतं. उत्तरार्धात डाव्या बाजूला उभं राहायचं आहे हे ज्याला आधी सांगितलेलं असतं, ते पूर्वार्ध डोळे फाडून बघतं. समोरचा उजवा बचावपटू वळायला हळू आहे, हे माझ्या तुकडीतलं असंच एक पोरगं मला मध्यंतरात येऊन सांगून गेलं. ते मलाही दिसलं नव्हतं. त्या तुकडीतला सगळ्यांत कच्चा खेळाडू तोच होता. पुढेही तो फार मोठा खेळाडू झाला नाही. आज तो पंच आहे आणि त्याच्या शिट्टीपुढे सीनियर संघ हुज्जत घालत नाहीत. असा माणूस तयार करणं हे क्लबचं काम नाही, असं कुणी म्हणत असेल, तर मग क्लबचं काम काय, हे त्यानं मला सांगावं.

दुसरे म्हणतात, अनिकेत जाधव निवडीतूनच घडला. खरं आहे. कोल्हापूरचं पोरगं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं आणि 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलं, त्या दिवशी माझीही छाती भरून आली. पण प्रबोधिनीचं काम निवडण्याचं आहे. गल्लीतल्या क्लबचं काम तिला निवडायला पोरं पुरवण्याचं आहे. आपणच दहाव्या वर्षी निम्मी पोरं घरी पाठवली, तर ती निवडणार कुणातून?

निवड लांबवून काय होतं, ते नॉर्वेत दिसतं. पंचावन्न लाख वस्तीच्या या देशानं 1987 सालीच मुलांच्या खेळासाठी नियम केले. तिथं लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावत नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाआधी नाही. नॉर्वेचा स्ट्रायकर एर्लिंग हालांड ब्रीन या छोट्या गावात वाढला. त्याच्या तुकडीत सुमारे चाळीस मुलं होती आणि ती निवडून वेगळी न काढता वर्षानुवर्षं एकत्र खेळली. हालांड तेव्हा अंगानं लहान होता, त्याची उंची उशिरा वाढली. आपल्याकडे तो बाटल्या वाहत बसला असता. मऊपणाची भीती वाटणाऱ्यांनी एवढं पाहावं की तोच नॉर्वे 1998 नंतर पुन्हा 2026 च्या विश्वचषकाला पात्र ठरला.

नियम आडवा येतो, असं कुणी म्हणू नये. खेळाच्या कायद्यातला तिसरा नियम वाचा. बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा बालगटांच्या आणि तळागाळातल्या फुटबॉलमध्ये देता येते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची गोल्डन बेबी लीगही सहा ते बारा वयाच्या मुलामुलींना हंगामभर भरपूर सामने मिळावेत, याच हेतूनं आली. तरी आपल्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात 'बदललेला खेळाडू पुन्हा खेळणार नाही' ही ओळ दरवर्षी जशीच्या तशी छापली जाते. ती कुणी घातली, कधी घातली, विचारलं तर सांगायला कुणी नाही.

क्लब कशासाठी, हा या संमेलनाचा विषय आहे. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. आपल्या गल्लीतलं जे पोर चेंडूजवळ येईल, ते अठराव्या वर्षीही चेंडूजवळ असलं पाहिजे. त्यासाठी काय करायचं, याचा आराखडा बारकाईनं करायला एक छोटी समिती नेमावी लागेल. प्रत्येक मुलाच्या खेळलेल्या मिनिटांची वही ठेवणं, बारा वर्षांखाली रोख बक्षीस बंद करणं, पालकांशी हंगामाआधी बोलणं, असं काही त्यात यावं. मुलींच्या संघांना याच नियमात कसं बसवायचं, तेही समितीनं पाहावं.

पण एक गोष्ट समितीसाठी थांबू नये. बारा वर्षांखालच्या सामन्यात यादीतल्या प्रत्येक मुलानं निदान अर्धा सामना खेळलाच पाहिजे, आणि बाहेर आलेल्याला पुन्हा आत जाता आलं पाहिजे, असा ठराव मी दुपारच्या सत्रात स्वतः मांडणार आहे. अध्यक्षानं ठराव मांडू नये असा संकेत असेल, तर त्या वेळेपुरता मी खुर्चीवरून उतरेन. विरोध असेल त्यांनी जेवणानंतर घरी जाऊ नये. इथं यावं, समोर उभं राहावं आणि कारण सांगावं.