अंगठ्याचा डोंगर



उद्या आपण ल पूस डोंगर चढणार आहोत. फ्रेंचमध्ये 'पूस' म्हणजे अंगठा. पोर्ट लुईहून पाहा, त्याचे टोक उभ्या अंगठ्यासारखेच दिसते! उंची ८१२ मीटर. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून आलेला रस थिजून त्याचा काळा दगड झाला. १८३६ साली चार्ल्स डार्विन हे शास्त्रज्ञही येथे चढले होते.

मोक्याकडून वाट आधी उसाच्या शेतांतून जाते. शेवटचा चढ मात्र अगदी उभा! तेथे हातांनी दगड धरावे लागतात. पावसात ते निसरडे होतात. मागच्या वेळी आम्ही तेथूनच परत फिरलो. मुले हिरमुसली, मीसुद्धा. उद्या पाऊस आला, तर पुन्हा फिरू.

आभाळ स्वच्छ असेल, तर माथ्यावरून बंदर, समुद्र आणि पीटर बोथ डोंगराच्या डोक्यावरचा तो मोठा दगड दिसेल. पाण्याची बाटली विसरू नका हं!