वेगाची मर्यादा आणि खांबावरचा डोळा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय प्रश्नार्थक आहे. ‘आजच्या काळात वेगमर्यादा आणि कॅमेरे यांना काही अर्थ उरला आहे काय?’ या प्रश्नामागचा रोष मला परिचित आहे. अलीकडे ज्या घरी जावे तेथे चहाबरोबर ई-चलानाचा विषय निघतोच. रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, मग मर्यादा जुन्याच का? आणि पोलिसाऐवजी खांबावरचे यंत्र दंड करणार असेल, तर ही सुरक्षितता म्हणायची की महसूलवसुली? जुलै २०२५ च्या प्रारंभी राज्यातील मालवाहतूकदार ई-चलानाच्या विरोधात रस्त्यावर उतरले, तेही याच भावनेतून. या रोषात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्याकडे मी येणार आहे. पण प्रथम थोडे गणित.

ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे बेचाळीस मीटर तर विचारातच संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी गाडी थांबायला आणखी पंचावन्न मीटर लागतात. आता दुसरी गाडी घ्या, ताशी एकशेवीसची. चालक तितकाच सावध, ब्रेक तितकेच उत्तम. पहिली गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबली, त्या ठिकाणी ही दुसरी गाडी अद्याप ताशी पंचाहत्तर किलोमीटरने धावत असेल! वेग वीस टक्क्यांनी वाढला, परंतु परिणाम वीस टक्क्यांनी वाढला नाही. एकात गाडी वाचली, दुसऱ्यात माणसे गेली. कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपण सर्वांनी हे शाळेत शिकलेले आहे आणि परवाना हाती पडताच विसरलेलो आहोत.

आणि एवढे करून मिळते काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९५ किलोमीटर. संपूर्ण मार्ग शंभरऐवजी एकशेवीसने धावता आला, जो घाटामुळे येत नाहीच, तरी वाचतात नऊ-दहा मिनिटे. तेवढी मिनिटे आपण खालापूरच्या टोलनाक्यावर किंवा वडापावच्या रांगेत कुरकुर न करता घालवतो.

पत्रकारितेत इतकी वर्षे काढल्यानंतर एक गोष्ट जाणवते. अपघाताची बातमी ही वृत्तपत्रात जागा भरून काढणारी बातमी झाली आहे. ‘भरधाव’ हा शब्द आम्ही इतक्या वेळा छापला, की तो आता वाचला जात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली आहे. पोलिसी पंचनाम्यात ‘अतिवेग’ हा शब्द सोयीने घातला जातो, हे मला माहीत आहे. रस्त्याचा दोष लिहिण्यापेक्षा ते सोपे असते. तो भाग वजा केला तरी उरणारा आकडा भयंकरच आहे. मृतांमध्ये चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार होते आणि जवळजवळ वीस टक्के पादचारी. ‘माझी गाडी सुरक्षित आहे, माझा वेग माझा प्रश्न’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की त्याच्या गाडीतली एअरबॅग त्याच्यासाठी आहे. रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंसाठी नाही.

मर्यादा वाढवण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून मोटारींसाठी कमाल वेग द्रुतगती मार्गांवर १२० आणि चौपदरी महामार्गांवर १०० केला. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. अतिवेग हेच अपघाताचे प्रमुख कारण असताना इंजिने सुधारली म्हणून वेग वाढवणे न्यायालयाला पटले नाही. मलाही पटत नाही. इंजिन सुधारले, पण माणसाचा तो दीड सेकंद तेवढाच राहिला!

बोरघाटाचे उदाहरण घ्या. खंडाळ्याहून खाली उतरताना मर्यादा एकदम कमी होते आणि मोटारवाले चिडतात. रस्ता तर रुंद आहे, मग का? कारण त्याच उतारावर तीस-चाळीस टन माल घेतलेले ट्रक उतरत असतात. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. घाटातली मर्यादा त्या संपूर्ण प्रवाहाचा विचार करून ठरलेली असते, एकट्या आपल्या मोटारीचा नव्हे.

आता कॅमेऱ्याकडे येतो. १९ जुलै २०२४ पासून या द्रुतगती मार्गावर स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. त्याआधी हातात वेगमापक घेऊन उभा राहणारा पोलीस होता. तो दिसला की सारे सज्जन होत आणि तो मागे पडला की पूर्ववत. समोरून येणारे दिवे चमकवून एकमेकांना सावध करीत. समाजबंधुत्वाचे असे दर्शन अन्यत्र क्वचितच घडते! एकाच जागी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यालाही हीच युक्ती लागू पडते. म्हणून दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणारी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. ओलांडताना क्षणभर वेग वाढला तर ती अडकवत नाही आणि दहा किलोमीटर बेफाम धावणाऱ्याला सोडत नाही. शिवाय तिला चिरीमिरी देता येत नाही. गाडीवर कोणाचा झेंडा आहे, चालकाचा काका कोण आहे, हे तिला दिसत नाही. व्हीआयपी संस्कृतीवर व्याख्याने देणाऱ्या आपण सर्वांनी निदान या गुणासाठी तरी तिचे स्वागत करायला हवे.

पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, यंत्र प्रामाणिक असले तरी त्याच्या हाती दिलेली मर्यादा प्रामाणिक असावी लागते. रस्त्याचे काम संपून वर्ष लोटले तरी ‘वेग ३०’चा पत्रा तसाच उभा. त्यापुढे अर्ध्या किलोमीटरवर ८०, पुन्हा ४०, आणि मधली पाटी झाडाच्या फांदीआड! १८६५ साली इंग्लंडने कायदा केला होता, यांत्रिक गाडीने गावात ताशी दोन मैलांहून जोरात जायचे नाही आणि पुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवायचा. न पटणारी मर्यादा लोक पाळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, पटणारी मर्यादाही मग पाळेनासे होतात. रस्ता मोकळा असताना शंभरपैकी पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग मोजून, त्याला वस्ती, वळण, शाळा यांची जोड देऊन मर्यादा ठरवण्याची शास्त्रीय रीत अभियंत्यांना ठाऊक आहे. ती किती रस्त्यांवर वापरली जाते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

कायदा या बाबतीत नागरिकाच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६-अ हे कलम आले आणि २०२१ मध्ये त्याखालील नियम झाले. कॅमेऱ्याच्या टप्प्यापूर्वी सूचनाफलक हवा, उपकरण प्रमाणित हवे, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत मिळायला हवी. सहा महिन्यांनी एकदम आठ चलाने हाती पडली, तर माणूस सुधारत नाही, संतापतो. ज्या दिवशी चुकलो त्याच आठवड्यात कळले, तरच पाय पुढच्या वेळी हलका पडतो.

कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. चालकाला डुलकी लागली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. झोप वेगमापकात दिसत नाही. त्यासाठी विश्रांतिस्थाने लागतात, चालकाच्या कामाचे तास ठरवावे लागतात, आणि बसमालकाकडे हिशेब मागावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. तेथे वेगाची चर्चा झाली, मागच्या आसनावरील पट्ट्याची झाली, आणि तीन मार्गिका अचानक दोन होणाऱ्या त्या रस्त्याची मात्र त्या मानाने कमी झाली. मुंबई-पुणे मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर कठडे, धोक्याच्या जागा, तातडीची मदत यांवर सलग काम झाले आणि पुढच्या काही वर्षांत ही संख्या ठळकपणे खाली आली. कॅमेरा त्या वेळी पूर्णांशाने आलाही नव्हता.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या गावाजवळच्या महामार्गाचा दहा किलोमीटरचा टप्पा चार-पाच जणांनी एका रविवारी पायी आणि गाडीने पाहावा. कोणत्या पाट्या झाकल्या आहेत, कोणत्या विसंगत आहेत, शाळेसमोर मर्यादा आहे की नाही, याची छायाचित्रांसह यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीला द्यावी आणि पोच घ्यावी. आपल्या नावावरील चलाने वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहावीत. चुकीचे असेल त्यावर तेथेच तक्रार नोंदवावी, बरोबर असेल ते भरून टाकावे. आणि त्या रविवारी परतताना गाडी कोण चालवणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.